डाव्या कानावरची वाटी

मी बोलतोय तो हळू आवाजात, कारण मोठ्या आवाजाशी माझं जन्माचं वैर आहे. दोन हिरव्या वाट्या, त्यांना जोडणारी एक पट्टी आणि आत मऊ गाद्या, एवढाच माझा देह. इंग्लंडात मला इअर डिफेंडर म्हणतात. बंदूक चालवणाऱ्याचे कान झाकायचे हे माझं काम.

कारखान्यात एका बाईनं माझ्या दोन्ही वाट्यांवर बारीक मायक्रोफोन बसवले, मला डोक्यावर चढवलं, स्वतःच एक टाळी वाजवली आणि समाधानानं मान हलवली. तेव्हापासून मला माझा धर्म ठाऊक आहे. हलकं बोलणं आत सोडायचं. बार झाला की पापणी लवायच्या आत दार लावायचं.

पण खरं नवल माझं नाही, मी ज्याला झाकतो त्याचं आहे. माणसाच्या कानाच्या आत वाटाण्याएवढा एक शंख असतो. त्यात इवल्याशा केसांचं शेत उभं असतं. आवाज आला की ते वाऱ्यानं पीक डोलावं तसं डोलतं, आणि त्या डोलण्यातूनच माणसाला आईची हाक कळते. बंदुकीच्या एका बारानं त्या शेतातली काही ताटं कायमची झोपू शकतात. तिथे पुन्हा पेरणी होत नाही. इतकी नाजूक वस्तू माणसं दोन्ही बाजूंना उघडी घेऊन हिंडतात, याचा मला अजून अचंबा वाटतो.

वॉटफर्डच्या परीक्षितनं मला विकत घेतलं. ऑफिसातल्या मित्रानं त्याला क्ले शूटिंगच्या मैदानावर नेलं होतं. तिथे पक्षी मारत नाहीत. यंत्र मातीच्या नारिंगी चकत्या आकाशात फेकतं आणि त्या फोडायच्या. तीन रविवारांत परीक्षितची हौस फिटली. पुढची दोन वर्षं मी गाडीच्या डिकीत, चिखलाच्या बुटांशेजारी काढली. मग त्याची पंधरा वर्षांची मुलगी अक्षया शूटिंग शिकू लागली आणि मला पुन्हा डोकं मिळालं.

यंदाच्या वसंतात तिचे आजोबा आले. मोहनराव, चंद्रपूरकडच्या जंगलातले निवृत्त रेंजर. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. आजोबा आल्यावर टीव्हीचा आवाज इतका वाढला की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानं दोनदा बेल वाजवली. मोहनरावांचं म्हणणं, या देशात सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात.

मला बघून ते हसले. "हे काय, हेडफोन? अगं, घरात घुसणारा काय तुझे कान झाकेपर्यंत दारात उभा राहणार आहे?"

"आजोबा, इथे कोणी त्याच्यासाठी बंदूक ठेवत नाही. लोखंडी कपाटात लॉक करायला लागते. पोलीस येऊन बघतात."

"मग शिकायची कशाला?"

"फन आहे म्हणून."

त्या रविवारी ते मैदानावर आले. हेलन नावाच्या शिक्षिकेनं त्यांनाही एक जोडी दिली. ती त्यांनी मफलरसारखी गळ्यात अडकवली. हेलननं दोनदा खुणेनं वर चढवायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा ती पाठमोरी होताच त्यांनी खाली ओढली.

अक्षयाच्या दोन चकत्या हुकल्या. मोहनरावांचे हात शिवशिवत होते. तिसऱ्या वेळी तिनं चकती सोडायला सांगितलं, आणि त्याच क्षणी ते बघणाऱ्यांसाठी आखलेली रेषा ओलांडून पुढे आले. तिच्या डाव्या कानावरची माझी वाटी त्यांनी उचलली आणि म्हणाले, "घाई करू नकोस."

बार झाला. मी उजवं दार लावलं. डावं माझ्या हातात नव्हतं.

हेलन ओरडली नाही. तिनं बंदूक घेतली, उघडून रिकामी केली आणि आजचं शूटिंग संपलं एवढंच सांगितलं. अक्षया कानावर तळवा दाबून उभी होती. "दुखत नाही," ती म्हणाली. "पण शिट्टी वाजतेय आत. बारीक."

मोहनरावांचा चेहरा राखेसारखा झाला. ती शिट्टी त्यांच्या ओळखीची होती.

हेलननं सांगितलं की अशी शिट्टी बहुधा काही तासांत जाते; उद्यापर्यंत गेली नाही तर डॉक्टरकडे न्या. परीक्षित न्यायला येईपर्यंत दोघं बाकावर बसली, मधे मी. मोहनराव दर दोन मिनिटांनी विचारत, "आहे?" ती म्हणे, "आहे."

मग त्यांनी कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, कुत्र्यामागे धावत एक बिबट्या त्यांच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात शिरला. आतल्या खोलीत आजी आणि पाळण्यात परीक्षित. दाराला धड कडीही नव्हती. त्यांनी भिंतीवरची बंदूक काढली आणि छताच्या कौलांतून एक बार काढला. बिबट्या आल्या वाटेनं पळाला. बायको वाचली, मूल वाचलं. पण त्या अरुंद खोलीत तो आवाज चारी भिंतींवर आदळून त्यांच्या कानात शिरला तो शिरलाच. साहेबांनी पाठ थोपटली. कानाचं काय सांगायचं?

"तुझी आजी हळू बोलायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, मुद्दाम पुटपुटते. रोज रागवायचो, स्पष्ट बोल म्हणून. मग ती मोठ्यानं बोलायला लागली. लोक म्हणायचे, रेंजरसाहेबांची बायको भांडकुदळ आहे." गळ्यातली जोडी काढून त्यांनी बाकावर ठेवली. "तशी ती नव्हती."

"तुम्ही तिला सांगितलंच नाही?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

 अक्षयानं मला उचललं, त्यांच्या डोक्यावर बसवलं आणि बाहेरचा आवाज वाढवायचं माझं बटण पूर्ण फिरवलं. पायाखालची खडी कुरकुरली तसे ते दचकले. तिच्या जॅकेटची चेन वाजली. मग त्यांनी मान वर केली.

"हे काय वाजतंय?"

"लार्क आहे. पक्षी. वर बघा, तो ठिपका."

मेलेलं ताट मी उभं करू शकत नाही. जी थोडी उरली होती त्यांच्यापर्यंत मी तेवढा आवाज पोचवला. मोहनराव तोंड उघडं टाकून आकाशाकडे बघत राहिले. एवढ्याशा पाखराचा गळा एवढं आकाश भरतो, आणि ते माणसाच्या वाटाण्याएवढ्या शंखात मावतं! मी त्या दिवशी दोन्ही बाजूंनी थक्क होतो.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. संध्याकाळी अक्षया मटार सोलत होती, मी तिच्या गळ्यात होतो. तिचे हात मधेच थांबले.

"आजोबा, गेली शिट्टी."

त्यांचा विश्वास बसेना. तिचा उजवा कान त्यांनी तळव्यानं झाकला, तिच्या मागे उभे राहिले आणि डाव्या बाजूनं अगदी हलक्या श्वासात काहीतरी म्हणाले. इतकं हलकं की त्यांना स्वतःलाही ते ऐकू गेलं नसावं.

"मीनाक्षी," अक्षया म्हणाली. "आजीचं नाव."

उभ्या संसारात त्यांनी बायकोला 'अगं' म्हणूनच हाक मारली होती. ते खुर्चीवर बसले, आणि बराच वेळ मटाराचे दाणे उगाच बोटांनी सारखे करत राहिले.

आता त्यांचे कान तपासून झालेत. डाव्याची आशा नाही, उजव्याला यंत्र मिळणार आहे. मी अक्षयाच्या दारामागे खुंटीला असतो. रविवारी आम्ही तिघं मैदानावर जातो. मोहनराव रेषेच्या मागे, दोन्ही कान झाकून उभे राहतात. काही सांगायचं असलं, तर बंदूक उघडून रिकामी होईपर्यंत थांबतात.

वाचकहो, संकट आलंच तर ते तुमचे कान झाकेपर्यंत थांबणार नाही, हे मोहनरावांचं म्हणणं खरं आहे. पण तो बार आयुष्यात एखादा. बाकीचे हजार आपण ठरवून काढतो. त्या हजारांच्या वेळी मला दोन्ही बाजूंनी नीट बसवा. आणि तुमच्या घरात कोणी पुटपुटतंय असं वाटलं, तर त्या माणसावर रागवायच्या आधी एकदा स्वतःचे कान दाखवून या.