पाल नाही, मी बोलतेय

त्या दिवशी माझ्या तोंडून नुसतं 'टिक्' बाहेर पडलं. मी ओरडण्यासाठी जन्मलेली. हे 'टिक्' म्हणजे पोटातल्या सेलचा दम संपत आल्याची खूण. माझीच मला धडकी भरली.

खाली जेवत असलेले राधाकृष्णकाका मात्र खूश. "उद्या नळाला पाणी येणार," असं ते नुकतंच म्हणाले होते. त्यांनी बोटाने पाटावर तीनदा टकटक केलं. "कृष्ण कृष्ण! पाल चुकचुकली. म्हंजे खरं हाय."

पाल! मी!

औंढ्याच्या या घरातली छतावरची पांढरी डबी बोलतेय. नाव स्मोक अलार्म. धूर दिसला की कान फुटेस्तोवर ओरडायचं, एवढंच माझं काम. कारखान्यात माझी चाचणी घेतली तेव्हा तिथली माणसं कानांवर हात ठेवून उभी होती. तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

इथं मला अनिरुद्धने आणलं. तो काकांच्या सुनेचा, अपर्णाचा भाऊ. आतल्या खोलीत इन्व्हर्टर आहे आणि तिथंच त्याची तीन वर्षांची भाची नीलांबरी दुपारी झोपते, म्हणून त्याने मला बरोबर तिथं बसवलं. "महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं. वर्षाला सेल बदलायचे." सगळ्यांनी "व्हय, व्हय" म्हणून माना डोलावल्या. माना डोलावण्यात या घराचा हात कोणी धरणार नाही.

बटण? दसऱ्याला अपर्णाच्या नवऱ्याने, पुष्करने, स्कूटर आणि फ्रिजसोबत माझीही पूजा केली. स्टुलावर चढून हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल चिकटवलं. कुंकू माझ्या जाळीत गेलं. बटणावर बोटही ठेवलं त्याने. गंध लावायला. दाबलं नाही.

मग टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले. माझे ताजे सेल तिकडे गेले आणि रिमोटचे मेलेले सेल गच्चीवर तापवून माझ्या पोटात आले. "ऊन खाल्लं की चालतेत," पुष्कर म्हणाला. मालिका चालल्या. मी टिकटिकू लागले.

अपर्णा दर 'टिक्'ला दचकते. ती फोडणीलाही दचकते, म्हणून घरात तिची थट्टा. परवा तिने घड्याळ समोर ठेवून मोजलं.

"अहो, बराबर मिनिटा-मिनिटाला होतंय. पाल काय घड्याळ बघून चुकचुकते?"

"बघा बाबा," पुष्कर हसला, "बीएस्सी झालेली बाई पालीचं टाइमटेबल लावून राहिली!"

"काहून घाबरतीस गं अपर्णा?" काका म्हणाले. "पाल असलेल्या घराला धोका नसतो."

टिक्, मी म्हटलं.

"ऐकलंस? खरं हाय!"

आज दुपारी नीलांबरी माझ्याखाली गोधडीवर झोपली होती. वाऱ्याने दार लोटलं गेलं. इन्व्हर्टरच्या सैल वायरीपाशी आधी एक ठिणगी, मग धुराची बारीक रेघ.

मी ओरडले. म्हणजे उन्हात तापवलेल्या सेलांवर, कुंकवाने भरलेल्या घशातून जेवढं निघालं तेवढं. बाहेरच्या खोलीत काकांनी पेपरमधून मान वर न काढता खुर्चीवर टकटक केलं. "कृष्ण कृष्ण! आज लईच बोलून राहिली."

लेकरू झोपेतच खोकलं.

माझ्यात दोनच हाका उरल्या होत्या. तुमची फुलं नकोत मला. महिन्यातून एकदा बोट द्या, तेही कुंकवाशिवायचं. जमत नसेल तर मला काढा आणि खरोखरची पाल पाळा. ती निदान डास तरी खाईल.

दुसरी हाक मारली. तिसरी अर्ध्यातच अडकली.

तेवढ्यात मागच्या अंगणात बादली आपटली. अनवाणी पाय धावत आले. "अगं बाई, ही पाल न्हाई!" घरात सगळ्यांत भित्री म्हणून जिला हसतात, तिने दार धाडकन ढकललं, लेकरू छातीशी उचललं, आणि धुरातून वर माझ्याकडे बघून ओरडली,

"आले गं, आले!"