खुणेची बाजू

मी लोखंडाचं चाक बोलतोय. गाडीला लागतं तसलं नाही. मी कुठेच जात नाही. एका जागी गरगर फिरायचं आणि त्या फिरण्यात वीज साठवायची, एवढंच माझं काम. कॉलेजात मला फ्लायव्हील म्हणतात. घरी मी 'ताईचं चाक'.

ताई इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या धाकट्या भावाने सातवीत शाळा सोडली आणि तो लोखंड तासायच्या लेथवर कामाला लागला. त्यानेच मला कापलं, तासलं. अठरा किलोचा मी, पण एका बोटाने ढकललं तरी फिरेन, असा तोल त्याने साधला. त्याचे मिस्त्री म्हणाले, "बहिणीचं काम म्हणून एवढी जिलई? माझ्या कामाला कधी असा हात लावला नाहीस!"

घराच्या मागच्या खोलीत ताईने माझ्यासमोर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली. माझ्या अंगावर बारा चुंबकं लागायची होती.

"चुंबक तारेपुढून सरकलं की तारेत वीज उठते," ती धाकट्याला सांगायची. "पण बदल हवा. एकदा उत्तर, एकदा दक्षिण. सगळं एकसारखं असलं तर तारेला काही कळतच नाही."

"माझ्यासारखीच आहे की तार. तेच तेच सांगितलं की मलाही ऐकू येत नाही."

"तेच तर दुखणं आहे तुझं."

उत्तर बाजू ओळखू यावी म्हणून तिने प्रत्येक चुंबकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि कॉलेजला गेली. धाकट्याने दुपारभर खपून बाराही चुंबकं चिकटवली. बाराही ठिपके बाहेर. लेथवर खडूची खूण असलेली बाजू नेहमी बाहेर ठेवतात, आत गेली तर मिस्त्री कान धरतात. शेजारची चुंबकं एकमेकांना ढकलत होती, पण पठ्ठ्याने शिकंजे लावून ती बसवलीच.

ताईने येऊन मला हाताने जोरात फिरवलं. दिवा लागला नाही. तिने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, सगळे ठिपके बाहेर? एक सुलटं, एक उलटं नको का?"

"खूण तूच केलीस ना? खुणेची बाजू बाहेरच असते."

"कुठल्या पुस्तकात?"

पुस्तक हा शब्द त्याला झोंबला. "मग पुस्तकवाल्यांकडूनच करून घे!" त्याने हातातला पाना आपटला आणि तडक मावशीचं घर गाठलं.

चार दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी ताईला ताप भरला. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. धाकटा दवाखान्यात पोचला तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती.

ती गेल्यावर तो घण घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. "याच्यापायी भांडलो," तो म्हणाला. तेवढ्यात आई ताईच्या मैत्रिणीला घेऊन आत आली. प्रोजेक्ट दोघींचा होता.

"सोमवारी परीक्षक येणार आहेत," मैत्रीण म्हणाली. "चाकाने दिवे लावले तर प्रोजेक्ट दोघींच्या नावाने लागेल. नाहीतर मला दुसरा विषय देतील."

"मग माझ्या पोरीचं नाव?" आईने विचारलं. धाकट्याने घण कोपऱ्यात ठेवला.

सहा चुंबकं सोडवून उलटी करायची होती. गोंद सैल करायला तो गॅस पेटवायला निघाला तशी मैत्रीण ओरडली, "तापवू नकोस! तापलं की चुंबकाचा जीव जातो." त्याने काडेपेटी खिशात टाकली. पातळ पातं आणि लाकडी पाचर घेऊन तो दोन दिवस खपला. दोन नखं काळीनिळी झाली, पण सहाही उलटली.

सोमवारी परीक्षकांसमोर मैत्रिणीने वेटोळ्यांत वीज सोडली. वीज खेळली की वेटोळंच चुंबक होतं. वेटोळ्यांनी मला ओढलं, ढकललं, आणि मी सूं सूं फिरायला लागलो. मग वीज तोडली. आता दिव्यांचं बटण धाकट्याच्या हातात होतं, आणि तो दाबेना. दिवे जोडले की तारेत उठलेली वीज उलटून मलाच धरते, माझा वेग खाते, हे ताईने त्याला सांगितलं होतं. मी थांबायला नको होतो त्याला.

"दाब रे," आई म्हणाली. "त्यासाठीच केलंय ना तिने?"

त्याने दाबलं. आठही दिवे लख्ख लागले. मग पिवळे झाले, मग लालसर, मग विझले. मी थांबलो.

"चाक का थांबलं?" परीक्षकांनी विचारलं.

मैत्रिणीच्या आधी धाकटाच बोलला. "जेवढा उजेड दिला साहेब, तेवढा वेग गेला. सोळा लावले असते तर आणखी लवकर थांबलं असतं."

परीक्षकांनी कागदावर दोन नावं लिहिली. ताईचं पहिलं.

आता मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो. मुलं मला फिरवतात, दिवे लावतात. धाकटा मात्र एकदाही आला नाही. ताई आपल्यावर रागावूनच गेली, असं धरून बसलाय.

धाकट्या, तू तणतणत गेलास तेव्हा खोलीत ती आणि मी, दोघंच होतो. तिने पातं घालून एक चुंबक काढायला पाहिलं. ते हललंसुद्धा नाही. तेव्हा ती एकटीच खो खो हसली. "काय घट्ट बसवलंय गाढवाने!" पातं खाली ठेवून म्हणाली, "राहू दे. तो आला की त्याच्याकडूनच काढून घेते."

आणि स्टूल ओढून दाराकडे तोंड करून बसली. रागावलेलं माणूस असं बसत नाही रे. एकदा ये.