नाळेवरचा तांडेल

"सदू, पुढे पाणी उथळ आहे हे तुला दिसलं होतं की नव्हतं? एवढंच सांग."

लाँच कंपनीच्या कचेरीत टिपणीस साहेब पुन्हा तेच विचारत होते. सदू खलाशी दारात टोपी चुरगाळत उभा. त्याने एकदा हरेश्वर तांडेलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हो नाही आणि नाहीही नाही.

आदल्या दिवशी दिघीहून आगरदांड्याला निघालेली लाँच ओहोटीत वाळूच्या पट्टीवर चढून बसली होती. आत अख्खं वऱ्हाड. भरती येईपर्यंत नवरदेव मुंडावळ्या बांधून खाडीच्या मधोमध बसला, मुहूर्त टळला, आणि त्याच्या मामाने कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लाँचच्या सुकाणूच्या चाकावर हरेश्वर होता, लाँचचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुख्य. नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, बांबूने पाणी जोखायला सदू उभा होता. पाण्याची खबर देणं हे नाळेवरच्याचं काम, म्हणून दोष त्याचा. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून निरोप आला होता की अशा माणसाला कमी करा.

सदू गेल्यावर टिपणीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तांडेल, मी गिरणीत काम केलं, रेल्वेच्या कारखान्यात केलं. नव्या जागी गेलो की एकच बघतो, चूक दिसली तर तिथे तोंड कोण उघडतं. काही ठिकाणी माणसं साहेबाच्या भीतीने गप्प असतात. काही ठिकाणी 'माझं काम नव्हे' म्हणून गप्प. तुमच्याकडे मानापोटी गप्प आहेत. ही तऱ्हा मला नवीन आहे. भीती काढता येते हो, मान कसा काढायचा?"

हरेश्वर बाहेर पडला. खरं सांगायचं तर त्याला सदूचाच राग आला होता. धक्क्यावर त्याने सदूला गाठलं.

"दिसलं व्हतं तुला?"

"व्हय."

"मंग वरडला का न्हाईस?"

"तुमी चाकावर व्हतात," सदू म्हणाला. यापलीकडे काही सांगायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता यात सदूचं तरी काय चुकलं? लाँचवरचे सगळे खलाशी पूर्वी हरेश्वरच्याच मासेमारीच्या होडीवर होते. भर समुद्रात तांडेलाच्या शब्दावर शब्द काढायचा नाही, हे त्यांना त्यानेच शिकवलं होतं. वादळात तेच कामाला येई. पुढे होडी मोडीत निघाली, माणसं कंपनीत लागली, आणि ती शिस्त मासळीच्या वासासारखी अंगाला चिकटून लाँचवर आली. होडीची फळी खिळे ठोकून बसवावी तशी हरेश्वरने ती पक्की बसवली होती, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

दुपारी जेवताना त्याने मिठाच्या वाटीऐवजी चटणीत बोटं घातली. त्याच्या बायकोने, केसरने, गुपचूप वाटी पुढे सरकवली.

"कदीपासून चाललंय ह्ये?" त्याने विचारलं.

"शिमग्यापासून," केसर म्हणाली. "डोल्यांत मोतीबिंदूचा सारा आलाय तुमच्या. समोरचं मानूस बी हाक मारल्याबिगर वलखत न्हाय."

"मंग बोलली का न्हाईस?"

केसरने भाताचं भांडं खाली ठेवलं. "घरात बी तांडेलच हाव न्हवं तुमी?"

बायकोसुद्धा? हरेश्वरला लाज वाटली, अगदी मनापासून. मग तो उठला, हात धुतले आणि तडक कचेरी गाठली.

"सायेब, सदूला काडायचं न्हाय. माज्या डोल्यांत सारा आलाय, मुंबईला माजं नाव कलवा. उद्यापासून चाकावर सदू. नाळेवर मी."

टिपणीस चमकले. "तुम्ही खलाशाच्या जागी? आणि डोळे असे असताना?"

"पानी जोखायला बांबू हाय, हाताला कलतं. जोडीला रघू खलाशी हाय, त्याची नजर चांगली. आनि सायेब, तुमी इचारलंत ना मान कसा काडायचा? मी घातलाय, मीच काडनार. चाकावरच्याला वरडून सांगायचं असतं ह्ये त्यांना मी वरडल्याबिगर पटनार न्हाय."

टिपणीसांनी खूप समजावलं. पण तांडेल हटला नाही.

सकाळी धक्क्यावर लोकांनी पाहिलं, तर नाळेवर हरेश्वर तांडेल बांबू घेऊन उभा. लाँचवर कुजबुज झाली. सदू चाकाला हात लावायला तयार होईना. शेवटी हरेश्वरने एक सणसणीत शिवी हासडली तेव्हा कुठे लावला. लाँच निघाली. हरेश्वर बांबू बुडवी आणि उतारूंच्या डोक्यांवरून ओरडे, "खोल हाय!" सदूने त्यावर ओरडून उत्तर द्यायचं ठरलं होतं. आधी तो पुटपुटला. हरेश्वरने लाँच थांबवायला लावली. मग मात्र नीट आवाज आला.

पट्टीजवळ आल्यावर हरेश्वरला पुढे पाण्यावर काळसर डाग दिसला.

"उथळ हाय! उजवीकडं घे!"

लाँच वळली नाही. इंजिनाच्या आवाजावर सदूचा आवाज आला, थोडा कापरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"न्हाय, तांडेल! ढगाची सावली हाय ती!"

हरेश्वरने बांबू खोल बुडवला. तळ लागला नाही.

एवढ्या वर्षांत त्याला तोंडावर 'न्हाय' म्हणणारा हा पहिलाच माणूस. याच एका शब्दासाठी त्याने चाक सोडलं होतं, आणि तरी तो ऐकताना छातीत कळ आली.

"खोल हाय!" तो ओरडला. "बराबर बोललास, सदू!"

मागे वळून मात्र त्याने पाहिलं नाही. आगरदांडा येईपर्यंत तो पाण्याकडेच तोंड करून उभा होता, आणि बांबू बुडवत होता.