मला फक्त धडधड कळते

मी खोटे पकडणारे यंत्र बोलतोय. हे नाव लोकांनी दिले; मी ते स्वीकारलेले नाही. छातीला पट्टा आणि बोटांना चिमटे लावले की श्वास, नाडी व घाम यांच्या रेघा पडद्यावर काढणे, एवढेच माझे काम.

पुढील हकिगतीतला खोलीतला भाग मी स्वतः नोंदवला आहे. खोलीबाहेरचा भाग गेल्या श्रावणात, एका सोमवारी दुपारी, माझे चालक नागेंद्र सर फोनवर बहिणीला सांगत असताना ऐकला.

वडगावच्या यंत्रमागावर ग्रामदेवीसाठी विणलेला शालू नाहीसा झाला. मालक परशराम यांनी विणकर जोतिरामवर फिर्याद दिली. जोतिराम आपल्या संमतीने, वकिलादेखत सही करून माझ्यापुढे बसला. माझ्या रेघांवरून न्यायालय कोणाला दोषी ठरवत नाही, हे त्याला सांगितले होते. परंतु यंत्र निर्दोष म्हणाले तरच मागावर परत घेईन, असे परशराम बोलून बसले होते. आणि चोर म्हणून नाव झालेल्याला वडगावात दुसरा कोणी माग देत नाही.

शास्त्रानुसार आधी बिनधोक प्रश्न विचारतात, म्हणजे शांत मनाची रेघ मिळते. सर दक्षिण कर्नाटकातल्या तुमकूरकडचे, बेळगावात नवे. त्यांनी लिहिलेला प्रश्न फौजदार माधवी यांनी मराठीत विचारला, "तुम्ही आत्ता कर्नाटकात बसला आहात काय?"

जोतिरामचा श्वास अडला. नाडी उधळली. मग तो म्हणाला, "मॅडम, कागदावरचं इचारताय का मनातलं?"

पुढे शालू चोरलास काय, याला तो "न्हाय" म्हणाला, तेव्हा रेघ डबक्यात बसलेल्या म्हशीइतकी निवांत होती.

माधवी पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, ह्यानं काय चोरलंच असंल तर राज्य चोरलंय. शालू न्हाय."

सर ओशाळले, पण शास्त्र सोडले नाही. दोष माणसात की प्रश्नात, हे पाहण्यासाठी त्यांनी घरी कन्नड बोलणारा शिपाई समर्थ याला बसवले. त्याचा होकार तत्काळ आला. रेघ मात्र तितकीच उडाली. मग फिर्यादी म्हणून आलेल्या परशरामांनाही विनंती झाली. तीच उडी. प्रश्न बाद ठरला. तथापि क्रम पुरा करायचा म्हणून शेवटचा प्रश्नही त्यांना विचारला गेला: शालू तुम्ही चोरलात काय?

"न्हाय," ते म्हणाले, आणि त्यांची रेघ पडद्याच्या काठाला जाऊन भिडली.

परशराम ती पाहतच राहिले. "माल माझा, फिर्याद माझी, आणि धडधड बी माझीच व्हय?"

"भीतीनेही असे होते," सर म्हणाले. "यावरून काहीच ठरवता येत नाही."

"मग ह्या यंत्राच्या जिवावर मी जोत्याचा माग अडवून बसलोय?"

बाहेर जोतिरामची बायको मनुबाई वाट पाहत होती. परशरामांनी तिला आतली हकिगत सांगितली; फिर्याद मागे घेतो, उद्या त्याला मागावर धाड, म्हणाले. ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या छातीला पट्टा बांधल्यावरच पटणार हे आधी सांगायचं न्हाय? घरातलाच आणला असता."

तेव्हापासून मी कपाटात आहे. गरज पडली तर मला जरूर बाहेर काढा; फक्त न्यायनिवाडा माझ्या गळ्यात घालू नका.

शालू अद्याप सापडलेला नाही. आणि त्या शेवटच्या प्रश्नाला परशरामांचे काळीज नेमके कशाने उडाले, याची खात्री मला कधीच करता आली नाही.