आखूड काडीचा निकाल

मी एक जुने ओकचे टेबल आहे. इंग्लंडात नॉरफोकमधल्या एका बाजारगावाच्या कोर्टात, ज्यूरीच्या खोलीत मी साठ वर्षे उभे आहे. मित्रांनो, सुताराने मला बारा माणसांसाठी बनवले आणि मला त्याचा फार अभिमान होता. गुन्हा झाला की नाही हे न्यायाधीश नव्हे, तर शिंपी, खाटीक, शेतकरी अशी साधी माणसे माझ्याभोवती बसून ठरवत. कधी भांडत, कधी रडतही. बाहेर बेलिफ, म्हणजे कोर्टाचा शिपाई, कुलूप लावून उभा राहायचा. आत मोकळेपणाने बोलता यावे, उद्या कोणी जाब विचारू नये, म्हणून ते कुलूप.

आता त्या कुलपाचीच मला किळस येते.

ईनॉक थर्टल या मजुरावर मालकाची गवताची गंजी पेटवल्याचा आरोप होता. पुरावा एकच, चिखलातला खिळ्यांच्या बुटाचा ठसा. अकरा जणांनी बसायच्या आतच त्याला दोषी ठरवले. एकटा गूच चांभार अडून बसला.

"गूच, तू आपले जोडे शिव," ज्यूरीचा प्रमुख पास्क म्हणाला. "आम्हाला ठसे शिकवू नकोस."

"जोडे शिवतो म्हणूनच सांगतोय. असले खिळे मी निम्म्या गावाच्या बुटांना ठोकलेत. तुमच्यासुद्धा."

"अरे, माझी डुकरं बाजारात बांधलेली आहेत. चारची गाडी गेली तर तू पोचवणार का घरी?"

सगळे हसले. निकालाला बाराही जणांचे एकमत लागते, म्हणून पास्कने दोन काड्या घेतल्या, एक मोडली आणि मूठ पुढे केली. "आखूड निघाली तर तू आमच्यात. लांब निघाली तर आम्ही तुझ्यात. झालं?"

गूचने काडी ओढली. आखूड निघाली. तो मुकाट्याने त्यांच्यामागून बाहेर गेला. पास्क निदान अडाणी होता, पण गूचला सगळे कळत होते. म्हणून त्याचा मला जास्त तिटकारा आहे.

ईनॉकला सात वर्षांची शिक्षा झाली. गूचला झोप लागेना, तेव्हा त्याने सगळे लिहून दिले. वकिलाने ते पत्र लंडनच्या अपील कोर्टात नेले. तिथल्या तिघा न्यायाधीशांनी ते वाचायलाच नकार दिला. ज्यूरीच्या खोलीत काय बोलणे झाले ते आम्ही विचारत नसतो, म्हणाले. पण बोलणे झालेच कुठे होते?

त्या हिवाळ्यात कोर्टाची फरशी पुसायला ईनॉकची बायको ॲग्नेस येऊ लागली. एकदा मला पुसता पुसता तिने बेलिफला विचारले, "इथंच बसले होते ना ते? काड्यांचं खरं आहे का हो?"

"मी दाराबाहेर होतो, बाई. आतलं विचारायचं नसतं."

"मग निदान एवढं तरी सांगा, त्याच्याबद्दल किती वेळ बोलले?"

"बराच वेळ," बेलिफ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मित्रांनो, माझ्यावर पॉलिश फिरवा, डाग पुसा असे मी सांगणार नाही. पण उद्या कोणाच्या आयुष्याचा निकाल करायला बसलात, तर आधी त्याच्याबद्दल बोला. त्या दिवशी माझ्याभोवती डुकरांची गोष्ट निघाली, गाडीची निघाली. ईनॉक थर्टल हे नाव मात्र एकाच्याही तोंडून निघाले नाही.