कामतघरच्या फ्रीजमधली तपासणीची बाटली

मी पाणी तपासायची बाटली बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, मेलं मला एकच सांगता येतं. माझ्या पोटात औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, दिवस-दीड दिवस उबेत ठेवा. पाण्यात जंतू असले तर मी काळी पडते. नसले तर गप्प.

२००६ साली मी कामतघरला आले, चांगदेवच्या घरी. घरामागच्या शेडमध्ये तो पाणी गाळून वीस लिटरच्या जारमध्ये भरायचा आणि आसपासच्या लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांना, पोचवायचा. माणसांची एक तऱ्हा तिथे पाहिली. जार बाहेरून चकचकीत पुसतात, आत कुणी डोकावत नाही! एकटी त्याची बायको विनिता जारमध्ये नाक घालून वास घ्यायची.

त्या सोमवारी तिला वास आला. बुधवारी कशेळीला तिच्या नणंदेच्या दिराची हळद होती, आणि पाणी इथूनच जायचं होतं. तिने मला भरलं, फडक्यात गुंडाळून शेगडीजवळच्या फळीवर ठेवलं आणि सासूला बजावलं, "आई, ही काळी पडली तर एक पण जार पाठवायचा न्हाय." मग लेक मेघालीला घेऊन ती हळदीच्या तयारीला कशेळीला गेली.

सासू धोंडूबाई मायाळू, पण स्वतःचं डोकं चालवणारी. "अगो बाय, एवढ्या उकाड्यात पानी नासंल!" असं म्हणत तिने मला फ्रीजमध्ये ठेवलं, कोलंबीच्या डब्याशेजारी. तपासायचं पाणी ताजं राहावं, एवढंच तिच्या मनात. मी गारठले, माझ्यातले जंतूही गारठून निपचित पडले. आता मी काळी पडणार कशी? जीव नुसता कासावीस झाला.

मंगळवारी विनिताचा फोन आला.

"आई, काळी पडली का?"

"न्हाय गो! भरलीस तशीच हाय."

झालं! चांगदेव निर्धास्त झाला. काम संपलं म्हणून म्हातारीने मला फ्रीजमधून काढून परत फळीवर ठेवलं. बुधवारी सकाळी चाळीस जार टेम्पोत चढले आणि चांगदेवही त्यांच्याबरोबर कशेळीला गेला. मी तेव्हा कुठे जराशी करडी झाले होते. माझ्याकडे पाहतंय कोण!

गुडघे धरल्यामुळे धोंडूबाई हळदीला गेली नव्हती. संध्याकाळी चहा टाकायला आली आणि तिला मी दिसले, काळीकुट्ट. मला मुठीत धरून तिने फोन गाठला. चांगदेवने फोन उचलला नाही. मग तिने विनिताच्या मोबाइलवर लावला. तो मेघालीने घेतला. मागे हळदीतला बेंजो बाजा दणाणत होता.

"पोरी, पानी पिऊ नको! कुनाला पिऊ देऊ नको!"

"आजी, काय पण ऐकू येत न्हाय! मी नाचून दमले गो. थांब हां, पाणी पिऊन येते."

धोंडूबाई ओरडतच राहिली. मी तिच्या मुठीत होते. याहून काळं मला होता येत नव्हतं.