धक्क्यावरचा गुणी कलहंस

आइलीने त्या पक्ष्याची सव्वीस वर्षं वाट पाहिली होती. सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या त्या छोट्याशा बंदरात दर नोव्हेंबरला कलहंसांचे थवे उतरत. सगळे तेच, काळ्या मानेचे, ढिगाने दिसणारे. पण दुर्मीळ पक्षी असल्या गर्दीतच दडून येतो, म्हणून ती दुर्बिणीतून एकेक मान तपासत बसे. टपाल वाटण्याच्या नोकरीतून सुटल्यावर तर तिला दुसरा उद्योगच उरला नव्हता.

रविवारी तो दिसला. रॉस जातीचा, पांढराशुभ्र, बदकापेक्षा जेमतेम मोठा. धक्क्यालगतच्या गवतात एकटाच बसला होता. जवळ येऊ देणाऱ्या पक्ष्याला ही पक्षीवेडी मंडळी गुणी म्हणतात; हा तर दहा पावलांवरही हलेना. "फोटो काढून घ्यायलाच आलाय बघ," तिच्यासोबत नेहमी येणारा म्हातारा टोइवो म्हणाला. विष्ठेने भरलेल्या त्या गवतात आइली तासभर गुडघे टेकून होती. रानातला पक्षी माणसाला भीत कसा नाही, हा साधा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. आनंदाने माणूस आंधळा होतो तो असा.

तिथून ती थेट धाकट्या बहिणीकडे गेली. सिल्वीच्या सहाशे कोंबड्या होत्या आणि नवरा गेल्यापासून तिचं घर त्या अंड्यांवरच चालत होतं. बर्ड फ्लूच्या धास्तीने तिने शेडच्या दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं आणि बुटांचा वेगळा जोड ठेवला होता. त्याशिवाय ती पाद्र्यालाही आत सोडत नसे. आइली मात्र मोबाइल नाचवत तशीच आत शिरली. फोटो बघून दोघी पोरींसारख्या खिदळल्या. मग घरात कॉफी आणि वेलदोड्याचा पाव झाला.

बुधवारी सकाळी ती पुन्हा बंदरावर आली. कोणाचा तरी कुत्रा थव्यात घुसला, तरी निम्मे कलहंस उठलेच नाहीत. त्यातला एक पाण्यात जागच्या जागी गरगर फिरत होता, मान पाठीवर पिळलेली. पांढरा कलहंस गवतात मरून पडला होता.

टोइवोने टोपी काढली. "गुणी कसला," तो हळूच म्हणाला. "उडायचं त्राणच नव्हतं त्याच्यात. जवळ जाऊ नकोस." आणि तो वन्यजीव खात्याला फोन लावू लागला.

थव्यात रोग होता, म्हणजे रविवारी तो आइलीच्या बुटांनाही लागला होता. मध्ये तीन दिवस गेले होते, आणि कोंबड्यांना तेवढे पुरतात हे तिला ठाऊक होतं. तिने सिल्वीला फोन केला.

सिल्वी शेडमध्येच होती, मजेत. आज कोंबड्या कशा शहाण्यासारख्या बसल्यात, दाणे टाकले तरी भांडण नाही की कलकलाट नाही, असं ती सांगत सुटली.

"सिल्वी, आधी शेडमधून बाहेर ये," आइली म्हणाली. "बंदरावरचे कलहंस मरतायत. रविवारी मी बूट न बदलता आत आले होते गं. मीच आणलं ते."

पलीकडे शेडचं दार ओढून घेतल्याचा आवाज झाला.

"बघितले होते मी तुझे बूट," सिल्वी म्हणाली. "तू इतकी खुशीत होतीस, म्हटलं कशाला टोकायचं."